तीन ओळींची टीप

मी एके काळी लोकांना फुकटचे सल्ले वाटत होते. दर आठवड्याला, न चुकता, कुणी विचारलेलं नसताना.

तिकडे तमिळ मुलुखात, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस होतं. एका बाजूला बोल्ट पाडणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा, आणि मधे आमची काचेची इमारत. तिथे पोटासाठी मी कंपनीचं काम करायचे आणि शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की स्वतःच्या हौसेचं. हौस म्हणजे एक साप्ताहिक पत्रक. वेबसाइट ज्याच्यावर चालते तो सर्व्हर नावाचा प्रोग्राम असतो. त्यातला एक कुणाच्याच मालकीचा नव्हता. जगभरातली माणसं मिळून तो लिहीत आणि फुकट देत. त्या माणसांची आपसात पत्रं चालत, रोज ढिगाने मेल पडत. मी ती सगळी वाचायचे आणि त्यातलं कामाचं निवडून एका पानावर टाकायचे. नवीन आवृत्ती कधी येणार, कुठल्या गावात सर्व्हरवाले जमले, कोण कुणावर भडकलं, आणि शेवटी तीन टिपा, सर्व्हर कसा सांभाळावा याच्या.

टीप तीन ओळींची. हा नियम माझा मीच घातलेला. लोकांना वाचायला वेळ नसतो, काय करायचं ते सांगा आणि गप्प बसा, असं माझं मत होतं. खाली माझं नाव नसायचं, नुसतं 'संपादक'. नाव नको म्हणजे विनय नव्हे बरं का. बाईचं नाव दिसलं की दोन परदेशी महाशय मला माझीच टीप समजावून सांगायला यायचे, म्हणून काढून टाकलं होतं. पण त्या तीन ओळींचा मला गर्व होता, तो मी कशाला लपवू? तेव्हा मी फार शहाणी होते.

महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये गावातल्या सर्व्हरवाल्यांची बैठक भरायची. दहा-बारा पोरं, दोन-तीन मुली, इडली आणि वाद. तिथे एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि पेन्सिल, हातात प्लास्टिकची फाइल. पोरांना वाटलं कुणाचे तरी वडील घ्यायला आलेत. ते शेवटच्या खुर्चीवर बसले आणि बोलणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेऊ लागले.

मधल्या सुट्टीत मी जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. आईचं नेहमीचं, नोकरी पुण्यातही मिळते, मग तिकडे भात खात कशाला बसलीस. मी जरा चढ्या आवाजात तिला उत्तर देत होते. फोन ठेवला तर मागे हे गृहस्थ.

"तुम्ही मराठी की?" त्यांनी विचारलं. "आम्हीपण मराठीच. तंजावरकडचे."

त्यांची मराठी मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. शब्द कुठल्या जुन्या काळातले, चाल तमिळची, आणि मधे मधे सरळ तमिळच. वाक्याच्या शेवटी मला 'मा' लावायचे, तिकडे बाईमाणसाला लावतात तसं. पहिल्यांदा मला हसू आलं. मग कळलं की माझी मराठीही त्यांना तितकीच हसू येण्यासारखी वाटते. मी त्यांना काका म्हणू लागले. ते केंद्र सरकारच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले होते, राहायला कोरट्टूरला, घरात ते आणि त्यांची मोठी बहीण. दोघंच. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. वडील लवकर गेले, बहिणीने शाळेत शिकवून धाकट्यांना मोठं केलं आणि तिच्या मागे हेही राहिले. तिला ते अक्का म्हणायचे, म्हणून मीही.

सर्व्हरचं वेड त्यांना अक्कांमुळेच लागलं होतं. आपली मराठी आपल्यानंतर बोलणारं कुणी नाही, हे काकांच्या डोक्याने घेतलं. पुढची पोरं तमिळ बोलतात नाहीतर इंग्रजी. मग निवृत्त झाल्यावर काकांनी आवाज टिपणारं एक छोटं यंत्र आणलं आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी अक्कांना बोलायला लावलं. अक्का काय काय सांगायच्या. डांगर पचडीला उडदाचं पीठ किती भाजायचं, शाळेतली कुठली पोरगी फळ्यामागे लपायची, वडिलांचे शिव्या द्यायचे शब्द, आषाढात अंगणात कुठली रांगोळी काढायची. यंत्राची जागा थोडी, म्हणून भरलं की ते कॉम्प्युटरवर चढवायचं आणि यंत्र पुसून पुन्हा कोरं करायचं. परदेशातल्या भाच्याने त्यासाठी त्यांना एक छोटी वेबसाइट बनवून दिली होती. ती घरच्याच कॉम्प्युटरवर आमच्या त्या सर्व्हरवर चालायची. पडद्यावर गोष्टींची नावं, नावावर दाबलं की अक्कांचा आवाज.

काकांची फाइल मी त्या दिवशी पाहिली. माझ्या पत्रकातल्या सगळ्या टिपा त्यांनी छापून, तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण.

"स्टोअरची सवय मा," ते म्हणाले. "लिहिलंय तसं करायचं, केलं की खूण. स्वतःचं डोकं लावलं की माल चुकतो. हा संपादक कोण की, फार नेमकं लिहितो."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी हसले आणि सांगितलं नाही. गंमत म्हणून. पुढच्या वेळी सांगू, चेहरा बघू त्यांचा, असं मनात होतं.

पुढच्या बैठकीला ते आले नाहीत. अक्कांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी कोरट्टूरला बघायला गेले तेव्हा हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं होतं. उंच, सावळ्या, केस पार पांढरे, डोळे मात्र शाळेतल्या बाईंचे. मी नमस्कार केला तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत तपासलं आणि डाव्या हाताने खुर्ची दाखवली. सगळं कळत होतं. फक्त शब्द तोंडापर्यंत येत नव्हता. तो यावा म्हणून त्या धडपडत राहायच्या.

आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट मुलगी यायची, बोलण्याचे व्यायाम घ्यायला. तिने काकांना सांगितलं होतं की पहिले काही महिने सोन्याचे आहेत, आता जे येईल ते येईल, नंतर कठीण. रोज ओळखीचे शब्द कानावर घाला आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या. तिने तमिळ शब्दांचा तक्ता दिला होता. अक्का तमिळ उत्तम बोलायच्या, शिकवायच्याच त्या, पण तक्त्याकडे बघेनात. मग काकांना सुचलं. अक्कांच्या खाटेशेजारी कॉम्प्युटर आणून ठेवला आणि अक्कांचाच आवाज लावला.

ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अक्कांनी डाव्या हाताने बटण दाबलं, त्यांचाच जुना आवाज खोलीत बोलायला लागला, खणखणीत, जरा दटावणारा, आणि खाटेवरच्या अक्कांचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. 'उडीद घे, बरा निवडून घे,' असं आवाज म्हणाला. आणि अक्का म्हणाल्या, "घे."

स्पष्ट. दुसऱ्यांदा लावलं, दुसऱ्यांदा म्हणाल्या. काकांनी तोंड फिरवलं आणि खिडकीची कडी उगाच लावून काढून पाहू लागले. महिनाभरात तीन शब्द आले होते. घे, ये, आणि 'सेरी', म्हणजे बरं. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, तक्ता राहू दे, हेच चालू ठेवा.

आता ती टीप.

वेबसाइट सर्व्हरला बांधलेल्या गाठोड्यासारखी द्यायची असते. सर्व्हर गाठोडं सोडतो आणि आतलं सामान एका फोल्डरमध्ये मांडतो. पुढे वेबसाइटीत बदल केला की नवीन गाठोडं द्यायचं. पण कधीकधी हा शहाणा जुनाच पसारा दाखवत बसतो. त्या आठवड्यात सर्व्हरवाल्यांच्या पत्रांत बऱ्याच जणांनी याबद्दल कटकट केली होती. उपाय सोपा होता. मी लिहिलं:

सर्व्हर बंद करा. जुना मांडलेला फोल्डर पूर्ण पुसून टाका. नवीन गाठोडं ठेवून सर्व्हर सुरू करा.

तीन ओळी. ज्या पत्रावरून मी ही टीप उचलली त्याच्या खाली एका माणसाने पुरवणी जोडली होती. सांभाळा, काही जण लोकांनी चढवलेल्या फायली त्याच फोल्डरमध्ये साठवतात, पुसलं तर त्याही जातील. मी ती पुरवणी वाचली होती. चौथी ओळ झाली असती. आणि मनात म्हटलं, असा वेडेपणा कोण करतो? फायली बाहेर ठेवायच्या असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शुक्रवारचे चार वाजले होते. मी ती ओळ गाळली.

भाच्याने अक्कांसाठी पानावरची बटणं मोठी करून नवीन गाठोडं पाठवलं. काकांनी ठेवलं, तर पडद्यावर जुनीच बारकी बटणं. त्यांनी फाइल काढली. टीप सापडली. पेन्सिल घेऊन एकेक ओळ केली आणि एकेक खूण केली. भाच्याने दोन वर्षांचा आवाज त्याच फोल्डरमध्ये साठवायची सोय केलेली होती.

बुधवारी काका ऑफिसात आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. वॉचमनने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. "बटणं मोठी झाली मा," ते म्हणाले, "पण दाबलं की काही येत नाही. अक्का दोन दिवस दाबतायत." आणि फाइल उघडून त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "मी सगळं लिहिल्याप्रमाणे केलंय. बघा. कुठे चुकलं मी?"

माझ्याच ओळी. तीन खुणा. तेव्हाच, त्या बाकावर, मी म्हणायला हवं होतं की काका, तुमचं काही चुकलं नाही, हे मी लिहिलंय. मी म्हटलं, "बघते."

हा शब्द आमच्या धंद्यातला. माणूस गाऱ्हाणं घेऊन आला की पहिलं उत्तर हेच, बघतो. त्याचा अर्थ 'करतो' असा नाही, 'करणार नाही' असाही नाही. समोरचा गप्प होतो आणि आपल्याला श्वास घ्यायला फुरसत मिळते. मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. काकांच्या स्टोअरमध्ये मात्र हा शब्द नव्हता. तिथे माल आहे म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. त्यांना वाटलं, बघते म्हणाली म्हणजे बघून आणणार.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डिस्कवर पडून असते, काढता येते. मी आशेने गेले होते, खोटं कशाला बोलू. कॉम्प्युटर लावला आणि पाहिलं तर अक्कांची खोली सुनी पडू नये म्हणून काकांनी शेजाऱ्यांकडून भजनांच्या सीड्या मागून आणल्या होत्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. डिस्क काठोकाठ भरलेली. अक्कांच्या आवाजावर भजनं लिहिली गेली होती. तासाभरात मला कळून चुकलं की आता काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

काका दारात उभे होते, हातात कॉफीचा पेला आणि वाटी, तिकडचा डबरा-टंबलर. अक्का खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या. मी वळून म्हटलं, "वेळ लागेल काका. बघते."

मी डिस्क काढून घरी आणली, तिच्या जागी दुसरी बसवून तिच्यावर अक्कांचं बटणांचं पान पुन्हा लावून दिलं. मुगप्पेरला माझ्या खोलीवर टेबलावर ठेवली. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा. मी जायचे, कॉफी प्यायचे, "थोडं थोडं चालू आहे" म्हणायचे. काकांनी फाइलमध्ये नवीन कागद लावला होता. रविवारची तारीख आणि तिच्यासमोर माझं उत्तर. खूण करायची जागा रिकामी.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मला खरोखरच एक तुकडा सापडला. चार सेकंदांचा. कान देऊन ऐकला तर काकांचा आवाज. 'अक्का, बोला आता,' आणि पुढे खरखर. अक्कांचा आवाज जिथे सुरू व्हायचा तिथेच तुटलेला. शहाण्या माणसाने तो फेकून दिला असता. मी काय केलं? पेढे वाटल्यासारखा तो काकांना नेऊन ऐकवला! मला त्यांना काहीतरी द्यायचंच होतं हो, रिकाम्या हाताने जाऊन जाऊन मला माझीच लाज वाटायला लागली होती. काकांनी तो पाच-सहा वेळा ऐकला. अक्कांना ऐकवला. अक्का उठून बसायला बघू लागल्या. आवाज संपला तरी त्या बटण दाबत राहिल्या.

"दार सापडलं की घर सापडेल," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचे उपकार फार मा."

त्याच महिन्यात मी पत्रकात दुरुस्ती छापली. मागच्या टिपेत एक गोष्ट राहिली, आधी त्या फोल्डरमध्ये लोकांच्या फायली नाहीत ना ते तपासा, वगैरे. चार ओळींची झाली. काकांनी ती छापून फाइलला लावली आणि मला दाखवली. मला वाटलं आता तरी चिडतील. तर म्हणाले, "बघा, चुकला तर कबूल करतो. सज्जन माणूस. त्याला माझ्यातर्फे एक पत्र लिहा की. माझं इंग्रजी सरकारी आहे."

आणि मी, त्यांच्याच घरी बसून, त्यांनी सांगितलेलं पत्र लिहिलं. आदरणीय संपादक महोदय, आपल्या दुरुस्तीबद्दल आभार. माझ्या बहिणीचा आवाज आपल्या पहिल्या सूचनेमुळे गेला, पण एक हुशार मुलगी तो परत आणते आहे. इतरांचं नुकसान टळेल याचा आनंद आहे. मी पत्ता घातला आणि धाडलं. सोमवारी ऑफिसात मेल उघडला तर पहिलंच पत्र ते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. काका प्रत्येक रविवारी विचारायचे, "त्याचं काही आलं की?" मी म्हणायचे, नाही.

मग मी जायचं कमी केलं. एक रविवार आड, दोन आड. काम आहे, कंपनीची नवीन आवृत्ती निघतेय, आई आली आहे. आई आलेली नव्हती.

शेवटी एकदा गेले तेव्हा थेरपिस्ट मुलगी फाटकातून बाहेर पडत होती. तिला माझं मोडकं तमिळ कळेना म्हणून आम्ही इंग्रजीत बोललो. "ती आवाज काढून देणारी तूच ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. "कधी देणार आहेस? मी त्यांना किती वेळा सांगितलं, तुमच्या आवाजात शब्द म्हणून दाखवा, शेजारच्या बाईंना म्हणायला लावा, माझ्याबरोबर तक्ता करा. ऐकतच नाहीत. म्हणतात, अक्कांचा स्वतःचा आवाज येतोय, त्याच आवाजाने त्या बोलायला लागल्या होत्या, मधेच दुसरा आवाज घालून त्यांना गोंधळवायचं नाही. त्या बाईही दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. नुसत्या त्या पडद्याकडे बघतात." तिने छत्री उघडली. "आता महिने गेले. होते ते तीन शब्दही गेले. मी पुढच्या आठवड्यापासून येणार नाही, त्यांनाही तसं सांगितलंय. पैसे घ्यायचे आणि काही करायचं नाही, मला बरं वाटत नाही."

ती गेली. मी फाटकाला धरून उभी राहिले. एवढे दिवस मी मनाशी हिशेब मांडत होते तो त्या गाळलेल्या ओळीचा. ती माझी चूक, तिचं ओझं मी वाहतेय, दर रविवारी त्याचं प्रायश्चित्त घेतेय, असं मी स्वतःचं मोठं कौतुक करत होते. आणि आत अक्कांचे ते सोन्याचे महिने माझ्या 'बघते'पायी चालले होते, एकेक रविवार करून.

मी आत गेले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. संपादक मी आहे. ती ओळ मी गाळली, मला माहीत असताना गाळली. तुमचं पत्र मलाच आलं. आणि डिस्कवर काही नाही.

काका ऐकत होते. मग त्यांनी फाइल घेतली, चष्मा लावला आणि तो रविवारांचा कागद काढला.

"काही नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या रविवारी."

त्यांनी कागदावरच्या पहिल्या तारखेवर बोट ठेवलं. तिच्यासमोर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वेळ लागेल, बघते'. बोट खाली सरकत गेलं. दुसरी तारीख, तिसरी, चौथी. पान उलटलं. मागेही तारखा होत्या. मी मनात मोजायला लागले आणि थांबले.

"टीप चुकली, ते होतं मा," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "माझ्या स्टोअरमध्ये मीही चुकलोय. एकदा तर गाडीच गाडी माल भलतीकडे गेला. पण नाही तर नाही म्हणायचं होतं की. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात, तर दुसऱ्या दिवसापासून मीच शिकवलं असतं तिला."

मी काहीतरी म्हणाले. माफ करा, असंच काहीतरी. त्यांनी हाताने थांबवलं. रागाने नाही, एखादा हिशेब करताना मधे बोलू नका म्हणून थांबवतात तसं. ते उठले, आतल्या खोलीत गेले. मला जा म्हणाले नाहीत आणि बसा म्हणालेही नाहीत, म्हणून मी दारातच उभी राहिले.

ते खाटेवर अक्कांच्या पायाशी बसले. अक्कांचा डावा हात त्यांनी हातात घेतला, घसा साफ केला आणि जरा मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाले, "अक्का, म्हणा, घे."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हात सोडवून घेतला, मान वळवली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत वाट पाहत राहिल्या.